अक्काची गुलाबी कवळी

माझ्या आत्याला, अक्काला, दात हवे होते ते खाण्यासाठी नव्हे. मऊ वरणभातावर ती खुशीत होती. तिला दात हवे होते पोथी वाचायला. विधवा होऊन ती उज्जैनला माहेरी परतली, तेव्हापासून फ्रीगंजातल्या राममंदिरात चातुर्मासाची पोथी तीच वाचायची. घरात तिला कुणी काही विचारत नसे. मंदिरात मात्र ती पाटावर बसली की वकिलांच्या बायकासुद्धा समोर सतरंजीवर बसून ऐकत. उरलेले पुढचे दातही गेले, 'श्रीराम' म्हणताना नुसती हवा येऊ लागली आणि अक्का घाबरली.

त्याच सुमारास मध्यभारत जाऊन नवा मध्यप्रदेश झाला होता. माझ्या वडिलांचं, भय्यासाहेबांचं, ऑफिस भोपाळला हललं होतं. निघण्याआधी हे एक काम उरकून टाकू, म्हणून ते अक्काला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. सोबत मी होते.

डॉक्टरनं टेबलावर नमुन्याच्या दोन कवळ्या ठेवल्या. एक जुन्या पद्धतीची, काळपट कडक रबराची. दुसरी नव्या प्लास्टिकची, गुलाबी. अक्कानं दोन्ही हातात घेऊन पाहिल्या आणि विचारलं, "डॉक्टरसाब, इसको रोज उबालना पडेगा. कौन-सी चलेगी?"

ज्या दातांनी जेवलं ते उष्टे, आणि उष्ट्या दातांनी सोवळ्यात पोथी कशी वाचायची, म्हणून आधी ते उकळून शुद्ध करायचे, हा तिचा साधा हिशेब होता. तुम्हाला पटो न पटो, तोंड तिचं होतं.

डॉक्टर तिच्याकडे न बघता भय्यासाहेबांकडे बघून हसला. "माताजी, दाँत हैं, आलू थोड़े ही हैं."

भय्यासाहेबही हसले. "गुलाबीच करा. ते काळं तोंडात कसं दिसेल?"

रंग होता तो आतल्या टाळूला, आणि टाळू कोण बघणार होतं, देव जाणे. मोठ्या बहिणीच्या तोंडातली वस्तू धाकट्या भावानं रंग बघून ठरवली आणि तिचा प्रश्न तिथंच टेबलावर पडून राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण वडिलांसमोर तेव्हा बोलायची पद्धत नव्हती.

कवळी झाली सुरेख. अक्का दिवसभर घरात 'शंकर, शेषशायी' म्हणत फिरायची. शेजारच्या प्रतिभाकाकूंना तिनं मुद्दाम बोलावून ऐकवलं.

आषाढी एकादशीला, पोथीच्या पहिल्या दिवशी, ती न्हाऊन सोवळं नेसली. तपेलीत पाणी उकळलं आणि कवळी आत सोडली. काढली तेव्हा ती भाजलेल्या पापडासारखी वाकडी झाली होती. अक्कानं ती पुन्हा पुन्हा बसवून पाहिली. हिरडीतून रक्त आलं, कवळी बसली नाही.

सुटीसाठी आलेले भय्यासाहेब म्हणाले, "अगं, उकळायला कुणी सांगितलं होतं तुला?"

त्या दिवशी मात्र मी बोलले. "तिनं विचारलं होतं. तुमच्यासमोर विचारलं होतं."

त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

अक्का तशीच मंदिरात गेली आणि बोळक्या तोंडानं वाचायला बसली. मागच्या रांगेत पोरीबाळी फिदीफिदी हसल्या. दुसऱ्या दिवशी मंदिराचे पंच बापू घरी आले. फार गोड बोलले. "अक्का, आता तुम्ही आराम करा. इंदूरहून एक बुवा बोलावलेत."

मग मीच तिला डॉक्टरकडे नेलं. तो मला म्हणतो, "पहले बताना था न. रबरवाली को कुछ नहीं होता, वो तो भाप में ही पकती है. प्लास्टिक नरम पड़ता है." म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. वर तोंड करून मलाच ऐकवत होता.

"बताया था," मी म्हटलं. "आप हँस रहे थे."

काळी कवळी हातात आली तेव्हा कार्तिकी होऊन गेली होती. अक्कानं ती त्याच तपेलीत उकळली. जशीच्या तशी निघाली. 'श' खणखणीत उमटला. पण बुवांकडे पेटी होती, पुरुषमंडळीही येऊ लागली होती. पुढच्या चातुर्मासातही पाट त्यांचाच राहिला. अक्काकडे कुणी विचारायलासुद्धा आलं नाही.

त्या वर्षीच्या आषाढी एकादशीला मी दुपारी स्वयंपाकघरात गेले. अक्का न्हाऊन सोवळ्यात बसली होती, उकळलेली कवळी तोंडात होती आणि ती बटाट्याची पापडी खात होती. मी म्हटलं, "अक्का, मला वाचून दाखव ना."

"नको गं," ती म्हणाली. "आता दात खायलाच आहेत."