मुक्ताचं पोट दुखायचं तेव्हा

दर आठ आठवड्यांनी माझ्या मुलीला, मुक्ताला, रुग्णालयात सलाईनमधून औषध देतात. काल मी तिच्याजवळ बसून नळीतले थेंब बघत होतो. तिला क्रोन्स नावाचा आजार आहे; शरीराची राखण करणारी यंत्रणाच तिच्या आतड्यांवर उलटली आहे. "सूज भडकवणारं एक प्रथिन असतं, हे औषध त्यालाच अडवतं," सिस्टर म्हणाल्या. मुक्ता आता पोटभर जेवते, ती याच औषधामुळे.

ती आठवीत होती तेव्हा मी तिच्याच शाळेत खेळ शिकवायचो. पोट दुखतंय म्हणाली, की मी म्हणायचो, "बहाणे पुरेत." एकदा तर सगळ्या वर्गादेखत मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. ती पोट धरून धावली. पुढची दोन वर्षं मी तिला डॉक्टरांकडे नेलंच नाही. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला दिसत नाही, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. तेवढंही मला जमलं नव्हतं.

"तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं गं," मी म्हणालो.

मुक्ता शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही इतक्या खात्रीने सांगायचात, की मलाही वाटायचं, मी बहाणेच करतेय."

ती रागावली असती, तर मला काहीतरी बोलता आलं असतं.