देवमन डायव्हरचा पंप

नांदगाव खंडेश्वरचा देवमन फौजेतून घरी आला तो सदुसष्ट साली. ट्रंकेत दोन गणवेश, आणि तोंडात एकच गोष्ट: तिकडे चालवलेली रशियन गाडी. ऐकणारा भेटला की सुरूच.

"अरे, डायव्हरनं बसल्या जागी दांडी सरकवली की साऱ्या चाकांची हवा कमी! चाक पसरते, चिखलात धसत नाही. पक्क्या सडकेवर आलं की दांडी उलटी, हवा परत भरते. चाकाले गोळी लागली तरी आतून हवा येतच राहते. अन् मागची चाकं जोडीनं नाहीत बरं, एकेकच. पुढच्याच चाकोरीतून चालतात, नवी चाकोरी खोदत नाहीत."

"देवमन, तुही गाडी दूध किती देते रे?" लोक विचारत.

हसत नसे तो एकटा खुशालराव. शाळेपासूनचा दोस्त, एका फडक्यातली भाकर खाल्लेला. त्यानंच देवमनला अमरावतीच्या एका जिनिंगवर, कापसाच्या ट्रकवर लावलं आणि मुकादम म्हणून स्वतः शेजारी बसू लागला. देवमननं त्याला गाडी शिकवली, लायसनही काढून दिलं.

दिवाळीनंतर अवकाळी पाणी आलं. चांदूर रेल्वेकडून कापूस आणताना ट्रक काळ्या मातीत रुतला. खुशालराव बैल पाहायला निघाला. देवमन म्हणाला, "थांब." त्यानं काडीनं एकेका चाकाची निम्मी हवा सोडली, हलकेच क्लच सोडला, आणि गाडी डबक्यातल्या म्हशीसारखी अंग झाडत बाहेर आली. सडकेवर त्यानं आपला स्वतःचा हातपंप काढला. सहा चाकं भरता भरता दोघांचे दंड भरून आले.

"आपल्या गाडीले दांडी नाही ना," देवमन हसला, "आपणच दांडी."

जिनिंगवर पोचायला तीन तास उशीर झाला. शेठजी दारातच उभे. "काहून रे?"

देवमन तोंड उघडणार, तोच खुशालराव बोलला, "यानं चाकांची हवा सोडली, शेठजी. फौजेतले खेळ करून राहिला."

आता पुढचं सांगेल, चिखलाचं सांगेल, म्हणून देवमन त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. खुशालराव नखातली माती काढत होता. दुसऱ्या दिवशी किल्ली त्याच्याच हातात दिसली. देवमन पंप खांद्यावर टाकून गावच्या एसटीत बसला.

पंधरवड्यानं खुशालराव दारात हजर. पुन्हा पाणी, तोच चिखल. त्यानंही हवा सोडली, गाडी निघाली. भरायला पंप कुठून? तशीच खडीच्या सडकेवर पळवली, दोन टायरांच्या चिंध्या.

"शेठजीले सांग न बावा, हवा सोडा लागते म्हणून. मह्यं कोण ऐकते?"

"जाऊ नको," आतून माय म्हणाली. देवमन गेला.

"हवा सोडली ते बरोबर, शेठजी. भरली नाही ते चूक. त्या दिवशी गाडी रुतली होती. मी सोडलीही, अन् भरलीही."

शेठजींनी खुशालरावाकडे पाहिलं, मग किल्ली पुढे केली. देवमननं ती घेतली.

बाहेर खुशालराव कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकच्या नेहमीच्या दारापाशी, चढायच्या बेतात. "तूच म्हणे ना, गोळी लागली तरी हवा येतच राहते. तसं समज."

"ते रशियन चाक होतं, खुशाल. मी नांदगावचा आहो."

देवमननं शेजारच्या जागेवर पंप ठेवला.

"तू मागं बस. कापसावर."