अख्ख्या गल्लीचा एक पत्ता

माझ्या काकूला गप्प बसवत नाही आणि दुसऱ्याला ती गप्प बसू देत नाही. तिच्या लाँड्रीत शर्ट घेऊन गेलात की आधी शर्टाची हजेरी घेतली जाते, मग तुमची. "ही कॉलर बघा. मान धुता की नाही?" हे ती शाळेच्या मुख्याध्यापकांनाही विचारते आणि ते बिचारे निमूट उभे राहतात. तरी गिऱ्हाईक तिच्याकडेच येतं, कारण तिच्या हातून डाग सुटला नाही असं क्वचितच होतं.

लाँड्री तिच्या वडिलांची. लग्न झालं तरी तिने ती सोडली नाही, उलट आमच्या काकालाच दुकानावरच्या खोल्यांमध्ये राहायला आणलं. काका बस चालवतो, आणि घरी आला की बोलायचं खातं काकूकडे सोपवून मोकळा होतो. मी त्यांची पुतणी. समोरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होते आणि दुपारी जेवायला काकूकडे. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि सांगताना मला अजूनही दम धरवत नाही.

मोबाईलवर नुसतं बोलता यायचं, तेव्हाची ही गोष्ट. गल्लीत कॉम्प्युटर एकच, काकूच्या काउंटरवर, इस्त्रीच्या टेबलाला लागून. तिच्या धाकट्या भावाने तो आणला होता, आणि एका छोट्याशा कंपनीचा फुकटचा ई-मेलही त्यानेच काढून दिला होता. उघडला की कोपऱ्यात एक कबुतर पंख फडफडवायचं. काकूकडे ई-मेल आहे म्हटल्यावर बाकीच्यांनी स्वतःचा काढायची तसदीच घेतली नाही. कुणी पत्ता विचारला की सगळे बिनदिक्कत काकूचा द्यायचे. बेकरीवाल्याचा परदेशातला पुतण्या, शिकवणीवाल्या बाईंचे जुने विद्यार्थी, सुताराकडून खुर्च्या घेणारी हॉटेलं, सगळ्यांची पत्रं काकूच्या कबुतराकडे. पत्र आलं की ती दारात येऊन हाक मारायची, "अहो सुतार, तुमच्या खुर्चीचा पाय डुगडुगतोय म्हणतात ते!" गुपित वगैरे भानगड आमच्या गल्लीत नव्हतीच.

आणि तिची एक पद्धत होती. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात पडला की त्याचा नंबराचा कागदी बिल्ला फाडायचा. नाहीतर लोक एकच कोट दोनदा मागायला येतात. हाच कायदा तिने ई-मेललाही लावला. पत्र मालकाला वाचून दाखवलं, त्याने सांगितलेलं उत्तर लिहून धाडलं, की दोन्ही पुसून टाकायचं. कॉम्प्युटर कायम रिकामा, आणि तिला त्याचा कोण अभिमान.

एका गुरुवारी जेवण झाल्यावर मी सहज कबुतर उघडलं, तर वर लालभडक पट्टी. 'ही सेवा शनिवारी दुपारी बारा वाजता कायमची बंद होत आहे. वेळोवेळी कळवल्याप्रमाणे आपली पत्रे व पत्ते उतरवून घ्यावेत.'

"काकू! वेळोवेळी कळवल्याप्रमाणे म्हणजे काय गं?"

"काय ते?" तिने इस्त्री उभी केली आणि वाकून वाचलं. "अगं, हे त्या 'प्रिय वापरकर्ता'वालं दिसतंय. आलं होतं की तीन-चारदा. मी दारात उभं राहून सगळ्यांना विचारलं, वापरकर्ता कोण म्हणून. बेकरीवाला म्हणाला मी नाही, बाई म्हणाल्या मी नाही. बिनमालकाचं पत्र किती दिवस सांभाळायचं? टाकलं पुसून."

मी कपाळावर हात मारला. "काकू, वापरकर्ता तू आहेस!"

"मी? मी लाँड्रीवाली आहे!"

तिला उमगायला थोडा वेळ लागला, पण उमगल्यावर तिने दारात जाऊन अशी हाक मारली की बेकरीवाला पिठाने माखलेल्या हातांनीच धावत आला. मग जी काय धमाल उडाली! उतरवून घ्यायला पत्र एकही नाही, कारण सगळी पुसलेली. कुणाला नवा पत्ता कळवावा तर त्याचा पत्ता कुणाकडेच नाही, कारण तोही पत्राबरोबर गेलेला. सुतार म्हणाला, "म्हणजे आता हॉटेलवाले मला लिहिणार आणि मी जिवंतच नसल्यासारखं होणार?" बाई म्हणाल्या, "माझी मुलं समजतील की मी उत्तर देत नाही, मला गर्व झालाय." आणि मग तिघंही काकूवर तुटून पडले. काकूही ऐकून घेणारी नव्हे. "फुकट पत्ता वापरलात इतकी वर्षं, तेव्हा नाही सुचलं कुठं लिहून ठेवायला?" भांडण असं रंगलं की माझ्या चष्म्याच्या दुकानातलं गिऱ्हाईकही बघायला येऊन उभं राहिलं.

पण खरं सांगू? मला मजाच येत होती. शुक्रवारी मालकांकडून दोन दिवसांची रजा घेतली आणि कॉम्प्युटरपुढे ठाण मांडलं. एकेकाला बसवून मोठ्या कंपनीत स्वतःचा पत्ता काढून द्यायचा. बेकरीवाल्याला पत्त्यात फक्त 'बेकरी' हवं होतं. ते जगात आधीच कुणीतरी घेतलंय म्हटल्यावर तो एवढा चिडला, जणू दुकानच कुणी बळकावलं. सुताराने हॉटेलांना फोन लावले. बाईंनी एका विद्यार्थ्याच्या आईला गाठलं, तिने दुसऱ्याच्या, आणि संध्याकाळपर्यंत सगळी साखळी हाती आली. बेकरीवाल्याच्या पुतण्याचं पत्र तर नेमकं त्याच दिवशी येऊन पडलं. मी पुसायच्या आत त्याचा पत्ता टिपून घेतला तेव्हा बेकरीवाल्याने मला चक्क मिठी मारली, पिठासकट.

"आता तू बैस," मी काकूला म्हटलं. "तुझा काढू."

"मला नको."

ती उशीचा अभ्रा इस्त्री करत होती. मघापासून तोच अभ्रा. मी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि तिच्यासमोर उभी राहिले. तेव्हा कुठे तिने सांगितलं.

तिच्या भावाला दुकानात ड्रायक्लीनिंगचं मशीन आणायचं होतं. काकू म्हणाली, वडिलांनी हाताने धुतलं, आपणही हातानेच धुवायचं. दोघंही एकाच बापाची पोरं, ऐकतंय कोण! भांडण विकोपाला गेलं आणि भाऊ बॅग भरून दुसऱ्या शहराला निघाला. जाताना म्हणाला, "मशीन आणशील तेव्हा कळव. तोवर मी येत नाही." आठवड्याभरात त्याचं एक पत्र आलं, दोन ओळींचं. काकूने रागाच्या भरात ते पुसून टाकलं आणि त्याचा पत्ताही त्याबरोबर गेला. त्यानंतर त्याने ते शहरही सोडलं. कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. तीन वर्षांनी काकूच्या मनगटांनी संप पुकारला आणि मशीन आलंच. मागच्या खोलीत आजही घरघरतंय.

"मशीन आलंय हे त्याला कळवायचंय गं मला," ती म्हणाली. "आणि त्याने कधी लिहिलंच, तर तो इथेच लिहिणार. त्याला दुसरा पत्ता माहीतच नाही. हे कबुतर गेलं की माझा भाऊ गेला." काकूच्या डोळ्यांत मी पाणी कधी पाहिलं नव्हतं. मला भयंकर रडू आलं आणि तितकाच भयंकर चेव चढला.

"काकू, त्याचा स्वतःचा ई-मेल कुठला होता?"

"हाच. कबुतराचा. दोघांचे एकाच दिवशी काढले त्याने."

"मग लाल पट्टी त्यालाही दिसत असणार! नाव काय घेतलं होतं त्याने?"

"ते आठवलं असतं तर इथे रडत बसले असते का?"

शनिवारी सकाळी दुकान उघडताच आम्ही अंदाज बांधायला घेतले. मजकूर काकूने सांगितला. 'मशीन आणलं. ताई.' मी म्हटलं, पुढे 'तुझं बरोबर होतं' असं घालू या का? "ते मी लिहिणार नाही," ती ताडकन म्हणाली. बरं बाई. मी त्याचं नाव टाकून पाठवलं. लगेच परत आलं, 'असा पत्ता अस्तित्वात नाही.' नाव-आडनाव, परत. नावापुढे जन्मसाल, परत. बातमी पसरायला वेळ लागतो थोडाच! बेकरीवाला आला, बाई आल्या, सुतार रंधा हातात घेऊनच आला. काकाची त्या दिवशी पाळी नव्हती, तोही जिन्यात येऊन बसला. सगळ्यांनी त्याला लहानपणापासून पाहिलेलं. जो तो आपापलं सुचवायला लागला.

"त्याला पोरं लंबू म्हणायची, ते टाक."

परत.

"वर्गात त्याला मी 'वकील' म्हणायचे," बाई म्हणाल्या. "फार वाद घालायचा."

परत. परत. परत. घड्याळाचे काटे बाराकडे सरकत होते आणि आम्ही सगळे लहान मुलांसारखे ओरडत होतो. काकू मात्र पदराशी चाळा करत मागे उभी. तिचा चेहरा लाल झालेला.

जिन्यातून काका पहिल्यांदाच बोलला. "अगं, तू त्याला घरात काय म्हणायचीस ते सांग की."

"एवढ्या लोकांत?"

"मग बसा भावाला मुकून," काका म्हणाला. इतकं कडक तो जन्मात बोलला नसेल.

काकूने माझ्या कानाशी तोंड आणलं. मला काही ऐकूच येईना, इतका गलका. "मोठ्याने बोल ना!" मी किंचाळले. आणि काकूही किंचाळली, "गुंडी!"

सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. मग तिने मान ताठ करून सांगूनच टाकलं. लहानपणी त्याने गिऱ्हाइकाच्या कोटाची गुंडी गिळली होती. घरात दोन दिवस सगळे त्याच्यावर पहारा ठेवून होते. शेवटी गुंडी मिळाली, धुतली, आणि काकूने ती कोटाला शिवूनही दिली. गिऱ्हाइकाला आजतागायत पत्ता नाही. "तीच गुंडी परत शिवली, हे फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं," ती म्हणाली. मुख्याध्यापक एव्हाना पॅन्ट न्यायला आले होते, त्यांनी नकळत आपल्या कोटाकडे पाहिलं.

मी 'गुंडी' लिहून पाठवलं.

आम्ही वाट पाहिली. परत आलं नाही. अजून वाट पाहिली. नाहीच आलं! "पोचलं!" मी ओरडले. "आहे हा पत्ता, आहे!" बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. पण कुणाला पोचलं? दुसराही कुणी गुंडी असू शकतो. आणि तो असला तरी या वेळी उघडून बसलाय कशावरून? मी सारखी पान नव्याने उघडून बघत होते. काकू माझा खांदा इतका घट्ट धरून उभी होती की पुढे आठवडाभर तो दुखत राहिला.

बाराला अगदी थोडं उरलेलं असताना पत्र पडलं. बाईंनी मला बाजूला सारून ते वाचलं, शिकवणीतल्यासारखं खणखणीत.

'ताई, सकाळपासून इथेच बसलोय. म्हटलं, बंद व्हायच्या आत तुला आठवतो का बघू. तू मशीन आणलंस, मला मात्र कधी जमलं नाही. छोटं दुकान आहे, मी अजून हातानेच धुतो. डाग आधी उलट्या बाजूने, तू शिकवलंस तसा.' खाली फोन नंबर होता.

मी तो हातावर उतरवून घेतला. काकूने माझा हात तसाच धरून टेलिफोनकडे ओढत नेला आणि नंबर फिरवला. पलीकडून "हॅलो" येईपर्यंतही ती थांबली नाही.

"तुझं बरोबर होतं," ती म्हणाली. "ऐकलंस का? तुझं बरोबर होतं. आणि दे टाकून ते हाताने धुणं, मनगटं जातील तुझी."

पलीकडे तो काय म्हणाला ते आम्हाला कळलं नाही. काकू नुसती ऐकत राहिली, कितीतरी वेळ, मधे एकदाही न बोलता.