आवाज पोचला काय, बाबाराव?

वसंताच्या दुकानात एका कोपऱ्यात मेलेल्या बॅटऱ्यांचा ढीग आहे. भंगारवाला नेत नाही आणि फेकायला वसंताचा हात उठत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. चार्ज काही उरलेला नसतो, पण साचत राहतात. बसलोच आहोत तर त्यातले थोडे सांगतो.

आधी धंदा सांगतो. अमरावतीत बसस्टँडच्या मागं वसंताचं वॉकीटॉकीचं दुकान. कापसाचे जिनिंगवाले, मंगल कार्यालयवाले, सिक्युरिटीवाले त्याच्याकडून सेट घेतात. सेट नवा कोरा असला तरी मुकाच असतो. लॅपटॉपची वायर लावून त्यात चॅनेल भरावे लागतात. कोणाचं बोलणं कोणाला जावं, कोणाला जाऊ नये, ते ठरवावं लागतं. ते काम वसंताचं. भरून झालं की मी एक सेट घेऊन लांब जाऊन उभा राहायचो. तो दुकानातून विचारायचा, "आवाज पोचला काय, बाबाराव?" मी म्हणायचो, "पोचला." इतकी वर्षं मी एवढंच केलं. दुसऱ्या टोकाला उभा राहिलो.

*

तेल्हाऱ्याच्या एका जिनिंगला आम्ही सेट दिले. वर गोल बटन असतं, ते फिरवलं की आतली बाई चॅनेलचा नंबर बोलते. सेट चीनचे, बाई चीनची. तिला गप्प करायचं वसंता विसरला.

हंगाम अर्धा झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. दोघं एसटीनं तेल्हाऱ्याला गेलो. बघतो तर मुकादम सेटवर ओरडत होता, "प्रेसवाले 'अर'वर राहा, गाडीवाले 'सान'वर या." अर म्हणजे दोन, सान म्हणजे तीन. वसंतानं वायर काढली तसा मुकादमानं सेट मागं घेतला. "राहू द्या, भाऊ. पाठ झालं आता सगळ्यायले."

येताना अकोल्यापर्यंत मीही पाचपर्यंत चिनी मोजत आलो. वसंता म्हणाला, "बाबाराव, तुह्यानं मराठी शाळा झाली नाही, पण चिनी झाली पाह्य."

*

प्रत्येक सेटमध्ये वेगळं भरत बसत नाहीत. एक सेट नीट भरायचा आणि बाकीच्यांत त्याचीच नक्कल उतरवायची. वसंता म्हणायचा, "मूळ सेट चुकला का सारं खानदान चुकते."

एकदा तिवसा रोडच्या मंगल कार्यालयाचे सेट भरताना त्यानं मूळ सेट घेतला तो शेजारच्या कापूस गोदामाचा. लग्न लागलं, पंगती बसल्या. तिकडं गोदामात कोणीतरी बोललं, "तीन नंबरचा माल ओला आहे. परत फिरवा."

वाढप्याच्या कानाला सेट होता. त्यानं तिसऱ्या पंगतीतून भाताची परात उचलली, वरणाची बादली उचलली आणि भटारखान्यात नेऊन ठेवली. माणसं पत्रावळीवर हात ठेवून बसलेली. सगळ्यांत मोठे व्याही त्याच पंगतीत होते.

कार्यालयाच्या मालकानं आम्हाला बोलावून घेतलं. शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाला, "भाऊ, वाढलेलं जेवण परत नेणारं यंत्र म्या पयल्यांदा पाह्यलं."

*

पुढच्या साली त्याच मालकानं सगळे सेट सोयाबीनच्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, भरून परत आणले. आता पोरांनी मोबाइलवर ग्रुप केला होता. कट्टा खाली ठेवून तो जरा उभा राहिला. म्हणाला, "सेट मात्र चांगले होते हं."

तो गेल्यावर वसंतानं कट्ट्याकडं पाहिलं. "मयतीतही लोक असंच बोलतात, बाबाराव."

असे कट्टे येतच राहिले. सिक्युरिटीवाल्यांचा आला, अचलपूरच्या जत्रेवाल्यांचा आला. शेवटी हंगामाचं एक तेल्हारा तेवढं राहिलं.

*

आता हा किस्सा. तेल्हाऱ्याचेच सेट तपासत होतो. मी चौक ओलांडून पलीकडं उभा. वसंतानं विचारलं, "आवाज पोचला काय?"

म्हटलं, "पोचला, पण फाटून येते."

त्यानं बॅटरी बदलली. "आता?"

"फाटूनच येते."

त्यानं अँटेना बदलला. सेट बदलला. लॅपटॉप लावून चॅनेल पुसले, पुन्हा भरले. मीही माझा सेट बदलून आणला. आवाज तसाच. खरखर, मधूनच तुटणारा. वसंता चिडला. "मूळ सेटच बिघडला वाटते."

तेवढ्यात वसंताची बायको, सुशीलावहिनी, डबा घेऊन दुकानात आल्या. तो जेवायला बसेना म्हणून त्यांनी सेट हातातून काढून घेतला आणि बोलल्या, "भाऊजी, या आता, भाकर थंडी होऊन राहिली."

आवाज कसा, ताटात नाणं पडावं तसा स्वच्छ.

मी दुकानात परत आलो. वसंतानं दाढेत धरलेला तंबाखूचा खर्रा बाहेर जाऊन थुंकला.

*

वसंताच्या गळ्याचं ऑपरेशन अकोल्याला झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीव राहील, आवाज राहणार नाही. स्ट्रेचर आलं तेव्हा पाव्हणेरावळे भोवती जमले. हे त्याचं शेवटचं बोलणं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनींनी पदर तोंडात धरला. वसंतानं मला जवळ बोलावलं.

"बाबाराव, तेल्हाऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगवरून काढ. फुगतील."

बस. नेला त्याला आत.

*

घरी आला तो पाटी घेऊन. गळ्याला श्वासापुरतं भोक, त्यावर कापड, आणि हातात पाटी. काय बोलायचं ते लिहायचा. ही सोय झाली जगासाठी. त्याला बोलता येईना, मला वाचता येत नाही. दुकानात दिवसभर आम्ही दोघं समोरासमोर, आणि मध्ये पाटी.

एके दुपारी त्यानं काहीतरी घाईनं लिहिलं. डोळे लाल झालेले. मला वाटलं, श्वास अडकला. पाटी उचलून मी शेजारच्या रफिक टेलरकडं पळालो. "वाच लवकर."

रफिकभाईंनी चष्मा लावला, वाचलं, आणि मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"अरे काय लिहिलं?"

"चाचा, लिखा है, ही आता माझ्याशी भांडतच नाही."

खरं होतं ते. सुशीलावहिनी म्हणजे आमच्या गल्लीतली तोफ. आता घरात काहीही झालं तरी हळूच म्हणायच्या, "बरं. जशी तुमची मर्जी." पाहुण्याशी बोलावं तसं. पाटीवर लिहीपर्यंत भांडण थोडंच थांबतं?

मी पाटी परत आणून दिली. त्यानं हातानं पुसून टाकली.

*

सेटमध्ये एक सोय असते. बोलून बटन सोडलं की पलीकडं 'टूं' असा आवाज जातो, म्हणजे माझं झालं. गिऱ्हाइकांना त्याचा वैताग, म्हणून वसंता तो नेहमी बंद करून द्यायचा. त्या दिवसानंतर त्यानं दोन सेट घेतले आणि लॅपटॉप लावून तो टूं चालू केला. एक सेट दुकानात, दुसरा दोन चौक पलीकडं, घरी. एक टूं म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. वहिनींना मीच समजावलं. त्या म्हणाल्या, "बरं."

हंगाम तोंडावर आला. तेल्हाऱ्याहून निरोप आला, चॅनेल नव्यानं भरून पाहिजेत. वसंतानं वायरी पिशवीत भरल्या. मी सेटवर सांगितलं, "वहिनी, वसंता तेल्हाऱ्याले चालला."

मग आवाज आला, "त्यायले म्हणा, नका जाऊ."

वसंतानं सेट माझ्या हातातून घेतला. टूं, टूं.

"अवो, जिनिंगमधी रुई उडते. गळ्याच्या भोकात गेली म्हणजे?"

टूं, टूं.

"मफलर बांधतो म्हणाल, ते मले सांगू नका. मफलर नाकावर जाते तुमचा."

टूं.

"मंग बाबारावले पाठवा."

टूं, टूं.

"नाही येत त्यायले लॅपटॉप, तं शिकवावं ना. इतकी वर्षं काय केलं दुकानात? बॅटऱ्या जमवल्या?"

वसंता उभा राहिला. पिशवी खाली पडली. टूं टूं टूं टूं टूं.

"ओरडू नका," वहिनी म्हणाल्या. "ऐकू येते मले."