उडवू नका, पुसा

कोणाच्या घरात फरशी कशाने पुसतात हे नुसत्या उंबऱ्यावर उभे राहून सांगू शकणारा माणूस कुंभकोणममध्ये एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आतोबांचे नाक हे नाक नसून सरकारी खाते आहे, असे आत्या म्हणते. फरक इतकाच की या खात्याला सुट्टी नाही. चेन्नईच्या एका प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी एकाच कामात गेली: घरात वापरायची जंतुनाशके फुप्फुसांना अपाय करतात का, हे तपासणे. काचेच्या ताटलीत फुप्फुसाच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावरून औषधाचे बारीक तुषार सोडायचे आणि किती पेशी जगल्या ते पाहायचे. निवृत्त होऊन ते गावी परतले. ताटल्या तिकडेच राहिल्या, म्हणून आता ते गाव तपासतात.

त्यांचा सिद्धांत साधा आहे. जे हाताला सोसते ते छातीला सोसेलच असे नाही. फडक्याने पुसलेले औषध जमिनीवर राहते, उडवलेले श्वासाबरोबर आत जाते. ‘उडवू नका, पुसा’ हे वाक्य ते नमस्काराच्या जागी वापरतात. एका लग्नात कार्यालयाच्या दारात जंतुनाशकाचे तुषार मारणारे यंत्र लावले होते, तेव्हा त्यांनी वरपक्षाला स्वयंपाक्यांच्या दाराने आत नेले. नवरदेव केळीची पाने आणि सोललेले नारळ ओलांडत मांडवात पोचला. दुकानात ते प्रत्येक बाटलीच्या पाठीवरचा मजकूर शेवटपर्यंत वाचतात; दुकानदाराने त्यासाठी स्टूल ठेवले आहे.

“सार, विकत घ्यायचंय की पारायणच?” त्याने एकदा विचारले.

“ही अन् ती एका बादलीत ओतू नका, असं गिऱ्हाइकांना सांगतोस कां?”

“सांगितलं तर एकच खपेल, सार.”

तेव्हापासून ते काम आतोबाच करतात, दुकानाच्या पायरीवर उभे राहून, फुकट.

गेल्या वर्षी आत्याला कोरडा खोकला लागला. मग जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी विचारले, “घरात कसली फवारणी करता का?” आतोबांना हा प्रश्न जिव्हारी लागला. ज्याने आयुष्यभर इतरांच्या बाटल्या तपासल्या त्याच्या घरात फवारणी! त्यांनी तरीही घर हुंगून काढले. न्हाणीघर झाले, कपाटे झाली, शेजाऱ्यांच्या डासांच्या उदबत्तीची चौकशी झाली. भिंतीच्या ओलीवर त्यांचा संशय होता, म्हणून एक भिंत खरवडली गेली. खोकला तसाच राहिला. रात्री तो ऐकू आला की ते उठून बसत. मी त्या दिवसांत सुट्टीवर आलो होतो आणि ओसरीत झोपत होतो, म्हणून हे मला माहीत आहे.

घरातली एक जागा मात्र तपासायची राहिली होती. सकाळी आत्या मडीत असते, म्हणजे सोवळ्यात. पूजा संपेपर्यंत देवघराचे दार लोटलेले असते आणि आंघोळ न केलेल्या माणसाने ते उघडायचे नसते. आतोबा आंघोळ करतात ती बाजार करून आल्यावर. इतक्या वर्षांत त्यांनी तो नियम एकदाही मोडला नव्हता.

एका सकाळी ते पिशवी घेऊन दारात आले आणि आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. ती थांबेना. आतोबांनी पिशवी टाकली आणि पायातल्या चपलांसकट देवघराचे दार ढकलले.

बंद खोलीत आत्या हातात फवाऱ्याची बाटली घेऊन उभी होती. समोर फुले, नारळ, दुधाची पिशवी. सगळ्यावर बारीक धुके, वास रोजच्या फरशीच्या औषधाचाच.

“हे काय करतेस?”

“प्रोक्षण. बाहेरून आलेलं देवापुढं तसंच ठेवू कां?” धाप लागली असतानाही तिने त्यांचे पाय पाहिले. “अय्यो! पारोसे आत आलात! चपला घालून!”

“प्रोक्षण पळीनं करतात!”

“महामारीपासून पळीतल्या पाण्यावर माझा भरवसा नाही. हे औषध चांगलं, असं तुम्हीच म्हणाला होता.”

“फरशीला म्हणालो होतो. पुसायला. गावभर सांगतो ना, उडवू नका म्हणून?”

“गावाला सांगता,” आत्या म्हणाली. “मला कधी सांगितलंत?”

आतोबांनी खिडकी उघडली. तिचा हात धरून तिला बाहेर आणले, झोपाळ्यावर बसवले आणि तिचा श्वास खाली येईपर्यंत शेजारी उभे राहिले.

बाटली गेली. काही आठवड्यांत खोकलाही गेला. दम पूर्वीसारखा होणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

परवा मी दोघांबरोबर पट्टीश्वरमच्या देवळात गेलो होतो. प्रदक्षिणेचा रस्ता लांब आहे. आत्याचे पाऊल मंदावले की आतोबा थांबत, भिंतीवरच्या जुन्या शिलालेखाकडे मान वर करून पाहत आणि बोट फिरवत सावकाश एखादी ओळ वाचत. कोणत्या राजाने किती जमीन दिली, दिव्यासाठी किती गाई दिल्या, वगैरे. आत्या खांबाला टेकून ऐकत होती. तिचा श्वास ताळ्यावर आला की ओळ संपे आणि आम्ही पुढे निघत असू. आतोबांना ती लिपी येत नाही. आत्याला ते लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. पुढच्या कोपऱ्यावर तीच म्हणाली, “इथं काय लिहिलंय, वाचा पाहू.”