उभ्यानं प्यायलेलं पन्हं

भागरथाबाईंच्या दारात पाणी मागितलं की आधी शिवी मिळे, मग पाणी. उन्हाळ्यात पाण्याऐवजी पन्हं मिळे, पण मग शिव्याही जास्त मिळत. हिंगणघाटचा बाजार करून अल्लीपूरला परतणारे गाडीवान त्यांच्या निंबाखाली बैल थांबवत आणि नुसते खाकरत. हाक मारायची कुणाची छाती नव्हती. आतून आवाज येई, "कोन मरून राह्यलं बे उन्हात?" आणि मातीचा गडू घेऊन बाई बाहेर येत. माणूस घटाघटा पीत असेतोवर त्या कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहत. "पे. तुह्या बायकोले चार कैऱ्या भाजता येत नाईत, दिवसभर लोळून राह्यते वाट्टे." तो माणूस मिशा पुसून म्हणे, "आजी, अजून एक गडू." दुसरा गडू मिळे, आणि त्याच्याबरोबर त्याच्या आईचाही उद्धार होई.

मी त्यांच्या मागच्या खोलीतली भाडेकरी. रत्नागिरीकडची, शाळा दुसरीत सुटलेली. आई गेल्यावर वडिलांनी मला घाईने उजवून दिलं. आमचे हे खादीच्या नादाने वर्ध्याकडे आलेले आणि पुढे अल्लीपुरात मास्तर झालेले. तो मुलूख तेव्हा अजून मध्यप्रदेशात होता. दोन दिवस गाड्या बदलत मी तिथे पोचले तेव्हा माझ्यापाशी दोन लुगडी आणि आईची पितळी घागर, एवढंच होतं. गावात आम्हाला कुणी खोली देईना, कारण ह्यांनी शाळेत सगळ्या जातींच्या पोरांना एकाच माठातलं पाणी प्यायला लावलं होतं. भागरथाबाईंनी दिली. का, तर गावाने नको म्हटलं म्हणून. त्यांचं अर्ध्या गावाशी भांडण होतं आणि उरलेल्या अर्ध्याशी बोलणं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी "मावशी" म्हणून पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. "म्या कोनाची मावशी नाई. भाडेकरी हायेस, भाडेकऱ्यावानी राह्य." मी तशीच वाकलेली राहिले, उठावं कसं ते कळेना. मग घाबरून विचारलं, "मग काय म्हणू?" "कायले काई म्हनतं? काम असन तं खाकरजो."

तेव्हा मीही गाडीवानांसारखी खाकरू लागले.

त्यांना मी 'मास्तरीन' झाले. तेही टोमण्याने. दुपारी हे शाळेत असले की मी त्यांचं एखादं वर्तमानपत्र समोर धरून अक्षरं जुळवत बसे. भागरथाबाई दारातून जाता जाता थांबत. "काय लिवलं हाय त्याच्यात?" मी अडखळत वाचायला लागे, तोवर त्या पुढे गेलेल्या असत. "मास्तराची बायको अन् वाचता येत नाई. कुंभाराच्या घरी फुटकं मडकं." त्यांचं बोलणं असं मर्मावर येई, आणि मी रात्री ह्यांना सांगायलाही भीत असे, कारण हे दुसरी खोली बघायला निघाले असते आणि दुसरी खोली तर गावात नव्हतीच.

शिमग्याच्या सुमारास नाल्याकाठचे पळस पेटल्यासारखे झाले. भागरथाबाईंनी पहाटे माझ्या दारावर काठी आपटली. "ऊठ वं. पाटी घे." नाल्यावर जाऊन फुलं वेचायची होती. मी खालच्या फांदीला हात घातला, तर हातावर काठी बसली. "तोडाची नाईत. झाडानं टाकली थेच घेजो. झाडाचं तोंडातलं काढून घेतं काय?" ऊन तापायच्या आत पाटी भरून घरी आणायची, आणि मग बसून एकेका फुलाचं बुडाचं काळं टोपण काढायचं. ते राहिलं तर पन्हं तुरट होतं. मी काढलेल्या ढिगातून त्या नेमकं टोपण राहिलेलं फूल शोधून माझ्या मांडीवर टाकत. "हे काय हाय? डोये फुटले का तुहे?" एका दुपारी चौदा वेळा टाकलं. नंतर मी मोजायचं सोडून दिलं.

फुलं सावलीत जुन्या लुगड्यावर वाळत. वाळली की चुरगळल्यासारखी दिसत, पण रात्री मातीच्या माठात भिजत घातली की सकाळी पाणी केशरी होई. मग कैऱ्या. त्या शिजवायच्या नाहीत. गोवरीच्या निखाऱ्यात, साल काळी पडेतो भाजायच्या. गर हाताने कोळायचा, त्यात फुलांचं गाळलेलं पाणी, गूळ, चिमूट मीठ, वेलदोडा. आमच्याकडे उन्हाळ्यात कोकमाचं सरबत करतात. मी एकदा ते कसं गोड लागतं हे सांगू लागले. भागरथाबाई म्हणाल्या, "मंग जाय तिकडंच." वर एक ताकीद त्या रोज देत, जणू मी रोज नव्याने आले होते: "आंबटाले माती. दुसरं काई नाई. ध्यानात ठेवजो."

चैत्रात मला सहावा संपून सातवा लागला, आणि तो लुगड्याखाली लपेना. भागरथाबाईंनी एकदा नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. इतके दिवस त्या चिडक्या होत्या, आता दुष्ट वाटू लागल्या. त्याच संध्याकाळी ओसरीवरून ह्यांना ऐकवलं, "मास्तर, अखजीले खोली खाली करजो."

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पंधरा दिवस होते. ह्यांनी हात जोडले. "बाई, हिचं माहेर नाही. आई नाही. असल्या दिवसांत कुठे नेऊ?"

"थे मले काऊन इचारतं? मी नेऊन ठेवलं काय पोटात?"

हे रोज शाळा सुटल्यावर घरं पालथी घालत आणि रोज मान खाली घालून परत येत. अल्लीपुरात नाही, शेजारच्या गावांत नाही. एकाने गोठ्याची पडवी देऊ केली, तीही त्याच्या बायकोने रद्द केली. मला रात्र रात्र झोप नसे. गाडीत बाळंत होईन, की निंबाखाली, असे विचार येत. मी ठरवलं, बाईंना इतकं खूश करायचं की त्यांच्या तोंडून शब्द माघारी येईल. अंगण दोनदा सारवलं. त्यांच्या गोवऱ्या रचल्या. त्या म्हणाल्या, "कंबर मोडून घेशीन, मंग माह्या नावानं रडशीन."

भागरथाबाईंना एक मुलगी होती, येसू. बाळंतपणात गेली, एवढंच ह्यांच्या कानावर होतं. दर अखजीला बाई तिच्या नावाने नवी घागर भरत, आणि एखाद्या सवाशिणीला येसूच्या पाटावर बसवून जेवू घालत, पळसाचं पन्हं देत. येसूला ते फार आवडे म्हणे. तिथली रीतच तशी आहे. त्या दिवशी त्या पाटावरची बाई ती बाई नसते, जी गेली ती असते.

अखजीच्या सकाळी ओसरीवर नवी लाल घागर पन्ह्याने भरून ठेवली होती. भागरथाबाई सवाशीण बोलवायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "हात लावजो नोको." मी हात लावला. घागर उन्हात येत होती, म्हणून सावलीला सरकवायला गेले. पोट आड आलं, तोल गेला, घागर उंबऱ्याच्या दगडाला लागली आणि तळाशी बारीक चीर गेली. केशरी रेघ ओसरीवरून अंगणात उतरू लागली.

मी धावत खोलीतून आईची घागर आणली. आदल्या दिवशीच सणाची म्हणून चिंच लावून घासली होती, आतून बाहेरून, सोन्यासारखी. लहानपणापासून मला तेच माहीत होतं, भांडं लख्ख असलं की घर नांदतं दिसतं. आतली पांढरट कल्हई मला मळ वाटली होती, ती मी राखेने आणि चिंचेने घासून काढली होती. सगळं पन्हं तिच्यात ओतलं. उलट बरं वाटलं. मातीच्या घागरीपेक्षा ती कितीतरी शोभत होती.

भागरथाबाई दुपार कलताना परतल्या, एकट्याच. तीन घरांनी नाही म्हटलं होतं. मास्तराला जागा देणारीच्या घरचं कोण जेवणार. त्या ओसरीवर टेकल्या, पदराने तोंड पुसलं, आणि त्यांना पितळ दिसलं. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि अंगणात थुंकल्या.

"कळकलं."

मग जे सुरू झालं ते मी लिहू शकत नाही. मास्तराचं शिक्षण, कोकणातली माणसं, माझी मेलेली आई, तिने मला काय शिकवलं, सगळं निघालं. "आंबट पितळेत ओततं? अन् कल्हई घासून काढली? एवढं लेकराले पाजलं असतं तं मेलं असतं. घटकाभरात वांत्या. इख करून ठेवलं, बह्याड कुठली." त्यांनी ती घागर उचलली आणि उकिरड्यावर नेऊन रिकामी केली. महिनाभराची फुलं, दोन पाट्या कैऱ्या. मी खांबाला धरून रडत होते. पन्ह्यासाठी नव्हे. खोली गेली, हे मला आता पक्कं कळलं होतं.

त्या आत गेल्या. गाडग्यात मूठभर फुलं उरली होती. रात्रभर भिजवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी त्यांच्यावर कढत पाणी ओतलं. दोन कैऱ्या निखाऱ्यात टाकल्या. हात चालले होते आणि तोंडही चालू होतं. गडूभर पन्हं झालं. येसूचा पाट मांडला, समोर पान वाढलं, गडू ठेवला. पाट रिकामाच होता.

मी डोळे पुसले. काहीतरी भरून द्यावं असं वाटलं. पुढे झाले, पदर खांद्यावरून घेतला आणि म्हटलं, "मी बसते. मी सवाशीण आहे ना." आणि पाटाकडे वाकले.

माझ्या दंडाला इतका जोराचा हिसका बसला की पुढे चार दिवस वळ होता. "सर तिकडं. पोटुशीले मेल्याच्या पाटावर बसवत नसतेत. एवढं तरी कयते काय तुले?"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. तेव्हा मला समजलं की घरातच हाताशी सवाशीण असताना त्या तीन उंबरे झिजवून का आल्या होत्या.

त्यांनी पाटापुढे हात जोडले. ओठ हलले, काय ते ऐकू आलं नाही. मग गडूतलं अर्धं पन्हं वाटीत ओतून माझ्यासमोर धरलं. मी बसू लागले तशा ओरडल्या, "उभ्यानं पे. बसू नोको. तू येसू नाईस. तू मास्तरीन हायेस, मास्तरीनच राह्य." मी उभ्यानं प्यायले. कढत पाण्याने काढलेल्या फुलांची चव जरा कडवट होती. मी वाटी खाली ठेवायच्या आतच त्या म्हणाल्या, "कडू लागन. तुहीच करनी."

हे संध्याकाळी आले तेव्हा आमचं सामान अंगणात होतं. ट्रंक, गादी, कंदील, सगळं. भागरथाबाईंनी स्वतः ओढून काढलं होतं. ह्यांचा चेहरा उतरला. "बाई, आजची रात्र तरी."

"अखजी हाय आज. खाली करजो म्हनलं होतं." त्यांनी ट्रंकेची एक कडी धरली. "दुसरी धर. बायासारखा उभा काऊन राह्यला?"

ट्रंक अंगणातून ओसरीवर चढली, ओसरीवरून त्यांच्या माजघरात गेली. गादीही तिथेच टाकली. ह्यांना काही उमजेना, मलाही नाही. भागरथाबाई दाराशी उभ्या राहून मागच्या खोलीकडे बघत म्हणाल्या, "थ्या खोलीत येसू गेली. माही पोट्टी बाळंत व्हाले आली अन् थ्याच जागी गेली. तिथी दुसरी बाई बाळंत होऊ देत नाई म्या." आणि लगेच माझ्यावर, "अन् माजघरात पसारा केला तं हाकलून देईन."

त्या रात्रीपासून मागच्या खोलीत त्या एकट्या निजू लागल्या. मी माजघरात बाळंत झाले. सुइणीला त्यांनी इतक्या शिव्या दिल्या की ती पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. मुलगी झाली. तिला पहिल्यांदा हातात घेऊन बाई म्हणाल्या, "बापावानी नाक हाय. बिचारी."

दीड वर्षाने ह्यांची बदली झाली. निघायच्या सकाळी गाडी निंबाखाली उभी होती आणि भागरथाबाई बाहेर येईनात. मी दारात जाऊन खाकरले. आतून आईची पितळी घागर आली, त्या अखजीपासून त्यांच्याकडेच राहिलेली, धुडकावल्यासारखी पुढे सरकवलेली. हिंगणघाटहून कल्हईवाला आला होता तेव्हा त्यांनी तिला माझ्या नकळत कल्हई करून घेतली होती. आतून ती चांदीसारखी पांढरी होती.

"आतून घासजो नोको," त्या म्हणाल्या. "अन् जाय आता, ऊन होऊन राह्यलं."

मी पाया पडायला वाकले. या वेळी पाय मागे गेले नाहीत.

पुढे दोन वर्षांनी त्या गेल्याचं अल्लीपूरच्या एका गाडीवानाकडून कळलं. त्यांच्या नावाने घागर भरायला त्यांचं कुणी नव्हतं. अखजीला मी भरते. पळस मिळेल तिथून आणते, झाडानं टाकलेलाच, आणि पन्हं नव्या मातीच्या घागरीत करते. पाट मांडते, पण त्यावर कुणाला बसवत नाही. माझी मुलगी सातव्या महिन्यात अखजीला माझ्याकडे आली होती तेव्हा ती जेवायला त्या पाटाकडे वाकली, आणि मी तिचा दंड इतका जोरात ओढला की ती रडकुंडीला आली. "आई, काय झालं तुला," ती म्हणाली. मी वाटी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "उभ्यानं पी."