खर्ऱ्याच्या डबीतल्या गोळ्या

राइस मिलच्या मागं कोंडा साचते, तसे आमच्या कडुलिंबाखाली किस्से साचतात. बसणारे तिघंच: मी, रशीदभाई टेलर अन् दमेकरी वासुदेव. शाळा मी चौथीपर्यंतच पाह्यली, पण माणूस वाचता येते. म्हणूनच भरोसा कोणाचाच नाई.

*

तंबाखूच्या खर्ऱ्यानं मायं तोंड नासवलं. मशीनचे शेक देल्ले, कॅन्सर गेला, पण थुंकीही गेली. भात घशाखाली उतरेना. डॉक्टरीण बाईनं थुंकी सुटाची गोळी देल्ली.

"पाणी भरपूर प्या. घाम सुटेल. अंधुक दिसेल, अंधार पडला की गाडी चालवू नका. आणि गोळी दुसऱ्याला देऊ नका, दमेकऱ्याला तर नाहीच!"

मी म्हटलं, "बाई, कोरड तोंडाले अन् घाम अंगाले? हे औषध रस्ता चुकलं वाटते!"

*

थंडीत सगळे स्वेटर घालून, अन् मी बनियनवरही ओलाचिंब. रशीदभाई वरपासून खालपर्यंत पाहून राह्यला.

"भाऊ, खरं सांगा. कोणाचं काय उचललं?"

*

मले वाटलं, गाडी नको म्हणते म्हंजे डॉक्टरीण बाईचं ऑटोवाल्यांशी जमलं असन. अंधार पडता पडता बायकोले मोपेडवर घेऊन निघालोच. वळणावर वाघ! ब्रेक मारला. तो हलेना, मी हलेना.

शेवटी बायको उतरून जवळ गेली. "अजी, वनखात्याचा बोर्ड होय! खाली लिवलं हाये, गाडी हळू चालवा!"

*

मंग गोळ्या कमी होऊ लागल्या. मी त्या जुन्या खर्ऱ्याच्या डबीत ठेवत होतो, डबी कडुलिंबाखालच्या बाकावर. आमच्या इथी खर्ऱ्याच्या डबीत हात घालाले कोणी विचारत नाई. मी रशीदभाईवर नजर ठेवली. बायकोवरही ठेवली!

एका दुपारी वासुदेवची छाती भरून आली, ओठ निळे. पंपानं भागेना. दवाखान्यात नेलं. थोडा दम आल्यावर तो बाईले म्हणते, "यायच्या डबीतली गोळी घेतली. मायंही तोंड कोरडं पडते ना..."

बाई मायावर उखडली. मी म्हटलं, "म्या नाई देल्ली!"

"ठेवली कुठे होती?"



*

आठ दिवसांनी वासुदेव बाकावर आला. गोळ्या आता पाकिटात, पाकीट मायाच खिशात. आल्या आल्या त्यानं हात पुढं केला.

मी खिसा दाबून धरला. "काऊन बे?"

"खात नाई. दाखव."

देल्ल्या. त्यानं एक गोळी काढून मायाच हातावर ठेवली, लोटाभर पाणी समोर धरलं. "मायासमोर गीळ."

गिळली. पाणी संपेपर्यंत तो हलला नाई. मंग उरलेल्या गोळ्यांवर एक-एक बोट ठेवलं अन् पाकीट मायाच खिशात कोंबलं.

"नऊ राह्यल्या. मी मोजल्या हायेत. चोरीबिरी झाली तर मले सांगजो!"